संगणकाचे दुखणे अंगावर काढू नये

तालुक्याच्या गावातील एखादी पॅथॉलॉजी लॅब डोळ्यांसमोर आणावी. रक्त तपासणारे यंत्र आणि त्याला जोडलेला एक संगणक. यंत्राने मोजलेले आकडे संगणकात येतात, तिथूनच अहवाल छापला जातो किंवा रुग्णाच्या मोबाइलवर पाठवला जातो. संगणक आठ-दहा वर्षांपूर्वीचा, पण अजून कुरकुर न करता चालणारा. आता त्याच्या पडद्यावर सूचना झळकते, की विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमची मुदत संपली आहे. ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’ हा लॅबचालकाचा प्रश्न रास्त आहे. अशाच विचाराने अनेक जण दुखणे अंगावर काढतात. ते कधी निभावते, कधी महागात पडते.

मुदत संपली म्हणजे नेमके काय झाले, हे आधी समजून घ्यायला हवे. जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० चा सर्वसाधारण सुरक्षा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. संगणक बंद पडला नाही. थांबली ती दुरुस्ती. कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीममध्ये दोष सापडतच राहतात आणि मायक्रोसॉफ्ट त्यांच्यावरील दुरुस्त्या दर महिन्याला प्रसिद्ध करते. विंडोज ११ आणि विंडोज १० यांचा बराचसा पाया एकच आहे. त्यामुळे नव्या प्रणालीत बुजवलेले छिद्र पाहून जुन्या प्रणालीतील तसेच छिद्र हुडकणे हल्लेखोरांना सोपे जाते. म्हणजे जुना संगणक आहे तसाच राहिला, तरी दर महिन्याला थोडा अधिक उघडा पडतो.

याची किंमत काय असू शकते, हे ब्रिटनने पाहिले आहे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला आणि सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइली कुलूपबंद झाल्या. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील २३६ पैकी किमान ८० रुग्णालय न्यासांचे काम विस्कळीत झाले. रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्याचा अंदाज नंतर मांडला गेला. त्यातला मोठा धडा वेगळाच होता. ज्या छिद्रातून हा प्रोग्राम शिरला, त्यावरील दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध झाली होती. तिथल्या बाधित संगणकांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होती आणि तिचा पाठिंबा तेव्हा सुरू होता. औषध दुकानात होते, ते घेतले मात्र गेले नव्हते. भारतातही नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला, तेव्हा नोंदणीसह अनेक कामे कित्येक दिवस कागद-पेनावर करावी लागली होती.

मग विंडोज ११ घेऊन टाकावी का? तिच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. तिच्यासाठी संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा असावी लागते. डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी किल्ली तिच्या आधारे वेगळी सांभाळली जाते, म्हणून लॅपटॉप चोरीला गेला तरी त्यातील रुग्णांच्या नोंदी सहज वाचता येत नाहीत. मात्र त्यासाठी ते कुलूप आधी चालू केलेले असावे लागते. संगणक सुरू होतानाच त्यात कुणी ढवळाढवळ केली आहे का, हे तपासणारी ‘सिक्युअर बूट’ची सोयही तिच्या अटींत आहे. शिवाय दर महिन्याच्या दुरुस्त्या मिळत राहतात, हा सर्वांत मोठा लाभ.

दुसऱ्या पारड्यातही वजन कमी नाही. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे, म्हणजे साधारण २०१७ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर या प्रणालीच्या अधिकृत यादीत नाहीत. त्यामुळे धडधाकट संगणकही अचानक ‘म्हातारे’ ठरले. असे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज ‘कॅनालिस’ या संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस वर्तवला होता. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांच्या रीतसर पुनर्प्रक्रियेची नोंद आहे, हे लक्षात घेतले तर या भंगाराचे ओझे कळते. विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपात मिळते. ३२-बिट विंडोजसाठी लिहिलेले ड्रायव्हर तिच्यावर चालत नाहीत. एखादा जुना स्कॅनर किंवा तपासणी यंत्र याच कारणाने मुके होऊ शकते.

नवी दुरुस्ती निर्धोकच असते, असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. अनेक देशांत रुग्णालयांना नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, तर भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तो दोष विंडोजचा नव्हता. पण सगळ्या संगणकांना एकाच क्षणी एकच डोस देऊ नये, हे त्यातून कळले. आधी एका संगणकावर करून पाहावे आणि मगच उरलेल्यांवर, हा शहाणपणा लहान दवाखान्यालाही परवडतो.

म्हणून नवी प्रणाली चांगली की वाईट, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. तो संगणक काय काम करतो, यावर निर्णय ठरावा. घरच्या संगणकाला विंडोज ११ चालत असेल, तर महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ती घ्यावी. चालत नसेल, तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची सोय आहे. नुसते इंटरनेट पाहणे आणि पत्रे लिहिणे यासाठी उबंटूसारखी लिनक्स प्रणाली जुन्या संगणकाला नवे आयुष्य देऊ शकते. केरळमधील सरकारी शाळा लिनक्सवर वर्षानुवर्षे चालत आहेत. संस्थांना वाढीव दुरुस्त्या कमाल तीन वर्षे मिळतात, पण त्यांचे शुल्क दरवर्षी दुप्पट होते. तेव्हा ती केवळ तयारीसाठी मिळालेली सवड समजावी.

यंत्राला जोडलेल्या संगणकाची गोष्ट वेगळी. तिथे परस्पर प्रणाली बदलणे धोक्याचे, कारण यंत्रातून येणारा आकडा बरोबर असल्याची हमी उत्पादकाने ठरावीक प्रणालीपुरतीच दिलेली असते. अशा यंत्रांसाठी विंडोज १० च्या काही विशेष आवृत्त्या असतात आणि त्यांपैकी काहींना २०३२ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. म्हणून पहिले काम उत्पादकाला लेखी विचारण्याचे. उत्तर समाधानकारक नसेल, तर तो संगणक इंटरनेटपासून तोडावा, त्यावर ई-मेल उघडू नये, बाहेरचे पेन ड्राइव्ह लावू नयेत आणि नोंदींची प्रत रोज वेगळ्या जागी, जाळ्यापासून तोडून ठेवावी.

खरी मेख खरेदीत आहे. एक्स-रे किंवा सोनोग्राफीचे यंत्र दहा-पंधरा वर्षे वापरायचे म्हणून घेतले जाते. त्यातील ऑपरेटिंग सिस्टीमचे आयुष्य मात्र त्याआधीच संपू शकते. हे अंतर कोण भरून काढणार, हे यंत्र घेताना ठरले नाही, तर पुढे त्याचा भुर्दंड रुग्णालयाला आणि अखेर रुग्णाला बसतो. जिल्हा रुग्णालये, महापालिका आणि खासगी दवाखाने यांनी निविदेत व करारात एक कलम सक्तीचे करावे: यंत्राच्या संपूर्ण आयुष्यात सुरक्षा दुरुस्त्या पुरवण्याची जबाबदारी विक्रेत्याची. यंत्राची किंमत आणि हमीचा काळ विचारणाऱ्या प्रत्येकाने आणखी एक प्रश्न विचारावा, यातील प्रणालीला दुरुस्त्या कधीपर्यंत मिळतील? उत्तर लेखी मिळाले तरच खरेदीवर सही करावी.