गुडघ्यांची कैफियत

पायदळातून हवालदाराच्या हुद्द्यावर निवृत्त झालेले आमचे तात्या (गाव सातारा जिल्ह्यातलेच, अपशिंग्याप्रमाणे नावापुढे 'मिलिटरी' न लावणारे, पण घरटी एखादा शिपाई देणारे) परवा बगलेत कागदांचे पुडके मारून आले, आणि गुडघ्यावर हात टेकवीत आमच्या ओटीच्या तीन पायऱ्या सावकाश चढले. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने गुडघ्यांच्या सांध्यांची झीज मान्य करून अपंगत्व २० टक्के ठरविले, म्हणजे पेन्शनला लागणारी किमान मर्यादा गाठली. परंतु व्याधी सेवेमुळे उद्भवली नाही आणि सेवेने बळावलीही नाही, असा शेरा पुढे मारल्याने दावा खारीज झाला.

"भरतीला सोळाशे मीटर पळालो, तवा हेच गुडघं सरकारनं पास केलं हुतं," तात्या म्हणाले.

या युक्तिवादात आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धर्मवीर सिंग यांच्या प्रकरणात मांडलेल्या तत्त्वात मला तरी तफावत आढळली नाही. भरतीच्या वेळी ज्या व्याधीची नोंद नाही तिच्यापुरता शिपाई निरोगी होता असे गृहीत धरावे, तिचा सेवेशी संबंध नाही हे दाखविण्याचा भार सरकारने वाहावा, आणि बोर्डाने मताबरोबर कारणेही लिहावीत, असा त्या निकालाचा आशय आहे. तात्यांच्या कागदावर कारण म्हणून 'वयोमानानुसार झीज' एवढेच आहे. पंचेचाळिशीही न गाठलेल्या आणि उमेदीची वर्षे पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढण्याउतरण्यात घालविलेल्या माणसाच्या सांध्यांचे वय जन्मतारखेवरून मोजण्याची ही रीत निव्वळ कारकुनी होय.

पहिले अपील सहा महिन्यांच्या मुदतीत गेले, दुसरेही गेले, आणि दोन्ही जवळजवळ एकाच मसुद्याने नामंजूर झाली. आता मार्ग उरला तो २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा. तिथे दावा मान्य झाला, तर २०१४ च्या राम अवतार निकालाप्रमाणे २० टक्क्यांचे ५० धरले जातात, म्हणून हा खटाटोप अनाठायी नाही. (सप्टेंबर २०२३ नंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांना नवे नियम लागू आहेत, त्यांनी तात्यांच्या उदाहरणावर विसंबू नये.)

मुंबई खंडपीठाकडे द्यावयाचा अर्ज लिहून तयार आहे. भरतीच्या वैद्यकीय तपासणीची नक्कल तेवढी रेकॉर्ड ऑफिसातून अद्याप यावयाची आहे.