वाकडे अंगण

मंडळाच्या मागील बैठकीनंतर चहापानाच्या वेळी एका ज्येष्ठ सभासदांनी आपल्या अमेरिका-प्रवासातील एक हकीकत सांगितली. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराचा जुना बेसबॉल संघ तेथून उठून गेला, कारण सामने पाहायला लोकच येत नव्हते. "गिऱ्हाईक नाही तेथे दुकान कोण मांडून बसेल?" असा त्यांनी समारोप केला आणि तो सर्वांना पटला. मीही मान डोलावली. घरी आल्यावर त्या मान डोलावण्याची लाज वाटू लागली, म्हणून हा लेखनप्रपंच.

इंदुरात आयुष्य काढलेल्या माणसाला बेसबॉलचे एवढे का लागावे, हा प्रश्न रास्त आहे. माझा मुलगा ओकलंडच्या दक्षिणेस फ्रीमाँट या गावी राहतो आणि त्याचा मुलगा कळू लागल्यापासून या ॲथलेटिक्स संघाचा भक्त आहे. मला तो खेळ प्रथम आपल्या विटीदांडूचा सधन चुलतभाऊ वाटला होता. पण लागोपाठच्या उन्हाळ्यांत त्या मुलाशेजारी बसून सामने पाहिल्यावर, खेळ कळण्याआधी त्याचे दुःख मला कळू लागले. ते पराभवाचे दुःख नव्हते. वर्षाला 162 सामने खेळणाऱ्या खेळात पराभव रोजच्या जेवणातल्या मिठासारखा असतो. आपला संघ हरावा अशीच कोणीतरी व्यवस्था केली आहे, हे त्या अकरा वर्षांच्या पोराला उमगले होते.

हा संघ 1901 साली फिलाडेल्फियात सुरू झाला, 1955 साली कॅन्सस सिटीला गेला आणि 1968 साली ओकलंडला आला. तेथे त्याने 1972, 1973 आणि 1974 अशी सलग तीन वर्षे व पुन्हा 1989 साली अजिंक्यपद मिळवले. पुढे बिली बीन या व्यवस्थापकाने थोड्या पैशांत, आकड्यांच्या अभ्यासावर चांगला संघ उभा करून दाखवला. त्यावर 2003 साली पुस्तक निघाले, 2011 साली चित्रपट आला आणि ओकलंडचे दारिद्र्य जगभर कौतुकाचा विषय झाले. माझ्या मते या कौतुकानेच घात केला. काटकसर आणि कद्रूपणा बाहेरून सारखेच दिसतात. बीन यांची काटकसर जिंकण्यासाठी होती. नंतरची काटकसर कशासाठी होती, ते आता पाहू.

संघाची मालकी 2005 साली जॉन फिशर आणि त्यांच्या भागीदारांकडे आली. फिशर हे 'गॅप' या कापडउद्योगाच्या संस्थापकांचे चिरंजीव, त्यामुळे खिसा फाटका होता असे कोणी म्हणू नये. 2018 आणि 2019 या दोन्ही वर्षी संघाने 97 सामने जिंकले, 2020 साली आपल्या गटात पहिला आला. संघ तरुण होता, घरचा होता. आणि नेमका याच वेळी तो मोडायला घेतला. मार्कस सेमियन हा त्याच परिसरात वाढलेला, बर्कलीच्या विद्यापीठात शिकलेला खेळाडू. 2020 च्या हंगामानंतर त्याला हातचा जाऊ दिला. पुढच्याच वर्षी टोरांटोकडून त्याने 45 होम रन मारले. 2021 संपता संपता प्रशिक्षक बॉब मेल्विन यांना सॅन दिएगोला जाण्याची मोकळीक दिली गेली, बदल्यात काहीही न मागता. मग मार्च 2022 मध्ये पाच दिवसांच्या आत ख्रिस बॅसिट, मॅट ओल्सन आणि मॅट चॅपमन हे तिघे वेगवेगळ्या संघांना देऊन टाकले. एप्रिलच्या आरंभी शॉन मनाया गेला. त्या वर्षअखेरीस शॉन मर्फी हा उत्तम कॅचर तीन संघांच्या अदलाबदलीत अटलांटाला गेला. त्या व्यवहारात मिलवॉकीला विल्यम काँट्रेरास मिळाला, जो पुढे तारांकित खेळाडू ठरला. ओकलंडच्या पदरी मुख्यतः पळण्यात चपळ पण फटक्यात दुबळा असा एक तरुण आला, आणि 2025 साली तोही दुसरीकडे गेला. ओल्सनने अटलांटात 2023 साली 54 होम रन मारले. नातू हे आकडे मला पाढ्यांसारखे म्हणून दाखवी, आणि प्रत्येक आकड्यामागे "आजोबा, हा आपला होता" असे पुस्तीसारखे जोडी.

2021 साली 86 सामने जिंकणारा संघ 2022 साली 102 आणि 2023 साली 112 सामने हरला.

याला तिकडे 'पुनर्बांधणी' असे भारदस्त नाव आहे. जुने खेळाडू द्यावेत, होतकरू पोरे घ्यावीत, काही वर्षे मार खावा आणि मग उभे राहावे. हा मार्ग सर्वस्वी खोटा नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ह्यूस्टनचा संघ 2013 साली 111 सामने हरला आणि 2017 साली अजिंक्य झाला. (तो विजय पुढे प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याच्या प्रकरणाने डागाळला, ते असो.) पण घर पाडणारा माणूस निदान नव्या घराचा नकाशा तरी दाखवतो. येथे भिंती पाडल्या, विटा विकल्या, सीझन तिकिटांचे दर वाढवले आणि रिकाम्या जागेकडे बोट दाखवून म्हटले, पाहा, येथे कोणी राहायला तयार नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

आता दुकानाच्या दृष्टांताकडे वळू. आपल्या राजवाड्यासमोरच्या दुकानदाराने सडका माल ठेवला तर चार महिन्यांत त्याला टाळे लागते, कारण शेजारी दुसरे दुकान असते. अमेरिकन बेसबॉलमध्ये ही शिक्षा नाही. तेथे 30 मालकांचा संघ आहे आणि 1922 साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालामुळे मक्तेदारीविरोधी कायदा त्यांना इतर धंद्यांप्रमाणे लागू होत नाही. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाला गेलेला संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो. येथे शंभर सामने हरणारा संघही पुढच्या वर्षी त्याच पंगतीत, त्याच पाटावर बसतो. दूरचित्रवाणीच्या राष्ट्रीय करारांतील वाटा त्यालाही मिळतो, आणि लहान बाजारपेठेच्या संघांना श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला हिस्साही. संघ हरो वा जिंको, त्याची बाजारातील किंमत वाढतच राहते. ज्या दुकानाला तोटा होऊच शकत नाही त्याला दुकान म्हणणे ही भाषेची चेष्टा आहे.

आणि गिऱ्हाईक खरेच आले नाही काय? 2 ऑक्टोबर 2019 रोजी बाद फेरीचा एकच सामना ओकलंडला झाला. त्याला 54,005 माणसे आली होती. म्हणजे संघ जिंकत होता तेव्हा तेच शहर, तेच स्टेडियम, आणि पाय ठेवायला जागा नव्हती.

13 जून 2023 ची संध्याकाळ मी स्वतः पाहिली. चाहत्यांनी आपसांत ठरवून उलटा बहिष्कार पुकारला होता. न येऊन निषेध करण्याऐवजी सगळ्यांनी यायचे. एरवी दहा हजारांचीही वानवा असलेल्या त्या मैदानावर 27,759 लोक आले, त्यांतील बहुतेकांच्या अंगात हिरवा सदरा आणि त्यावर 'विका' एवढाच इंग्रजी शब्द. समोर त्या वर्षी जोरात असलेला टँपा बेचा संघ होता. पाचव्या डावाच्या आरंभी सारे प्रेक्षक उभे राहिले आणि पहिला फलंदाज खेळेपर्यंत कोणी चकार शब्द काढला नाही. इतक्या माणसांची शांतता मी आमच्या मोठ्या शोकसभांतही अनुभवलेली नाही. नातवाने माझा हात घट्ट धरला होता. मग एकदम "संघ विका" असा घोष उठला आणि बाकांवरचे ढोल वाजू लागले. ओकलंडने तो सामना 2-1 असा जिंकला. त्याच दिवशी नेवाडा राज्याच्या सिनेटने लास वेगासमधील नव्या स्टेडियमसाठी 38 कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक पैसा देण्याचे विधेयक मंजूर केले. दुकान खाजगी, पण गल्ल्यात भर जनतेची! दोन दिवसांनी बेसबॉलचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी त्या गर्दीची थट्टा केली. एका रात्रीपुरता का होईना, इतर शहरांच्या सरासरीजवळ पोहोचणारा जमाव दिसला, अशा आशयाचे ते बोलले. सत्तेवरच्या माणसाला राग परवडतो, उपहास परवडू नये.

ओकलंडची बाजू घेताना एक गोष्ट लपवणार नाही. ते स्टेडियम खरोखरच जीर्ण होते. 1966 साली उघडलेल्या त्या वास्तूत 2013 साली सांडपाणी खेळाडूंच्या खोल्यांत शिरले होते, आणि पुढे तेथे मांजरांचे वास्तव्य झाले होते. नगरपालिकेनेही बंदराजवळच्या नव्या जागेच्या वाटाघाटी वर्षानुवर्षे रेंगाळवल्या. बास्केटबॉलचा संघ 2019 साली खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेला, फुटबॉलचा 2020 साली लास वेगासला, तरी नगरपित्यांना जाग आली नाही. अंगण वाकडे होतेच. पण त्याच वाकड्या अंगणात चार अजिंक्यपदांचा नाच झाला होता, हे नाचणाऱ्याने विसरू नये.

16 नोव्हेंबर 2023 रोजी सर्व मालकांनी एकमताने स्थलांतराला संमती दिली. तीसपैकी एकालाही शंका आली नाही. ओकलंड सोडल्यानंतर, डिसेंबर 2024 मध्ये, याच मालकांनी लुईस सेव्हेरिनो या पिचरशी तीन वर्षांचा, 6 कोटी 70 लाख डॉलरचा करार केला. संघाच्या इतिहासात तोवर इतका मोठा करार झाला नव्हता. सेमियनसाठी पैसे नव्हते, ओल्सनसाठी नव्हते. शहर सुटताच ते सापडले. यापुढे वेगळ्या पुराव्याची गरज मला तरी वाटत नाही.

आपल्या घराण्यांना संघ गमावणे नवे नाही. होळकर संघाने 1945-46 पासून 1952-53 पर्यंत चार वेळा रणजी करंडक जिंकला. नागपूरचे सी. के. नायडू इंदूरचे झाले ते त्या दरबाराच्या आश्रयामुळे. संस्थान विलीन झाले आणि काही वर्षांनी संघाचे नावही पुसले गेले. संस्थानी आश्रय म्हणजे अखेर रयतेचाच पैसा, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण आपला संघ गेला तो इतिहासाच्या उलथापालथीत. आधी तो नासवून, मग नासला म्हणून कोणी उचलून नेला नाही. आपल्या वडीलधाऱ्यांना निदान कोणी असे म्हटले नाही की संघ तुमच्यामुळेच गेला.

26 सप्टेंबर 2024 रोजी ओकलंडमधला शेवटचा सामना झाला. 46,889 लोक आले, टेक्ससचा संघ 3-2 असा हरला. सामन्यानंतर लोकांनी मैदानातली माती डब्यांतून, पिशव्यांतून घरी नेली. मुलाने आणि नातवानेही एका लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ती आणली आहे. त्याच डिसेंबरात ओकलंडमध्येच वाढलेला, ज्याचे नाव त्या मैदानाला दिले होते तो रिकी हेंडरसन वारला. संघ 2025 पासून सॅक्रामेंटोच्या, चौदा हजारांच्या आसपास प्रेक्षक मावणाऱ्या एका लहान मैदानावर खेळू लागला, नावापुढे कोणत्याच शहराचे नाव न लावता. लास वेगासचे स्टेडियम 2028 साली तयार व्हायचे आहे.

आमच्या ज्येष्ठ सभासदांना आणखी एवढेच कळवायचे आहे, की त्या गिऱ्हाईक नसलेल्या गावात 2024 साली ओकलंड बॉलर्स नावाचा एक छोटा संघ सुरू झाला. तो खालच्या दर्जाच्या, स्वतंत्र लीगमध्ये पश्चिम ओकलंडच्या एका उद्यानातल्या मैदानावर खेळतो. चाहत्यांना त्याचे भागही घेता आले. 2025 साली त्याने आपल्या लीगचे विजेतेपद मिळवले. नातू आता त्या सामन्यांना जातो. हिरवा सदरा मात्र त्याने अजून टाकलेला नाही.