धुराची चव

निवृत्त मास्तराने दारूवर लिहावं का, असा प्रश्न नात्यातल्या काहींना पडेल. पडू दे. सत्तरी ओलांडल्यावर आवडीनिवडी लपवण्यात अर्थ नाही.

माझी तक्रार 'ब्लेंडेड' या शब्दाच्या बदनामीबद्दल आहे. आमच्या मित्रमंडळींत सिंगल माल्ट म्हणजे खानदानी आणि ब्लेंडेड म्हणजे जवळजवळ भेसळ! आता जॉनी वॉकर ग्रीन लेबल घ्या. हा ब्लेंडेड माल्ट. मका-गव्हाची ग्रेन व्हिस्की यात थेंबभरही नाही. टॅलिस्कर, लिंकवुड, क्रॅगनमोर, कुल ईला अशा निरनिराळ्या ठिकाणचे निव्वळ माल्ट. पूर्वी याला व्हॅटेड माल्ट म्हणत, २००९ च्या नियमांनी नाव बदललं (आणि घोटाळा वाढवला). बाटलीवरचं १५ हे त्यातल्या सर्वांत धाकट्याचं वय.

आणि तो धूर! दलदलीत हजारो वर्षं साचलेली पीट वाळवून जाळतात, त्या धुरावर मोड आलेलं बार्ली सुकवतात. मला त्यात न्हाणीघरातल्या बंबाचा वास येतो, मागून किंचित टिंक्चर आयोडीनचा. कोवळी पीटेड व्हिस्की अंगावर येते; पिंपात वर्षं काढली की धूर मवाळ होतो, मग मध, सफरचंद कळू लागतं. बर्फ नको, वास दबतो. चमचाभर पाणी पुरे.

माझा धाकटा भाऊ दारूनेच गेला. त्यामुळे हे कौतुक घरात कुणाला खुपलं, तर तो राग मला मान्य आहे. तो वास घ्यायला कधी थांबलाच नाही. मी रविवारी ३० मिली घेतो, तासभर पुरवतो आणि बाटली कपाटात ठेवून किल्ली सूनबाईंकडे देतो.