फाईल तेवढी कोरडी राहिली!

परवा आमच्या ऑफिसात आयएसओ २२३०१ चं ऑडिट झालं. निकाल चांगला लागला, पेढेही वाटले. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे नक्की काय रे?"

खरं तर प्रश्न अगदी घरगुती आहे. उद्या अचानक सगळं ठप्प झालं, तर कुठलं काम आधी सुरू करायचं, किती वेळात, आणि कुणी? हे संकट येण्याआधी ठरवून ठेवायचं, एवढंच!

माझी या विषयाशी ओळख झाली ती २६ जुलै २००५ ला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस. हे आयएसओ मानक २०१२ मध्ये आलं, त्याआधीचं ब्रिटिश मानक २००६-०७ मधलं. म्हणजे तेव्हा दोन्ही नव्हती. पण आमच्या तेव्हाच्या कंपनीकडे 'आपत्ती योजना' नावाची जाडजूड फाईल मात्र होती. तिच्यात जनरेटर होता (तळघरात), बॅकअपच्या टेप होत्या (त्याही तळघरात!) आणि फोन नंबरांची यादी होती. यादीतले पहिले साहेब लोकलमध्ये अडकलेले, दुसऱ्यांना नोकरी सोडून वर्ष झालेलं.

माझा एक मित्र टेप आणायला तळघरात उतरत होता. आमच्या वॉचमन मामांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं आणि आधी मेन स्विच बंद केला. त्या पाण्यात वीज उतरली असती तर... जाऊ दे. मामांचं नाव त्या फाईलमध्ये कुठेच नव्हतं. फाईल तेवढी सहाव्या मजल्यावर कोरडी राहिली.

नंतर सगळीकडे 'मुंबई स्पिरिट'चं कौतुक झालं. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? पण आता वाटतं, माणसं कंबरभर पाण्यातून चालत गेली कारण दुसरा इलाज नव्हता. त्यांच्या धीराला कंपनीची तयारी म्हणणं बरोबर नाही.

तयारी कशी असते? रिक रेस्कोर्ला हे मॉर्गन स्टॅन्लीचे सुरक्षाप्रमुख. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये बॉम्बस्फोट झाल्यावर त्यांनी माणसांना जिने उतरायची सवयच लावली. लोक कुरकुरायचे. ११ सप्टेंबर २००१ ला शेजारच्या टॉवरवर विमान आदळताच त्यांनी आपली माणसं खाली उतरवायला सुरुवात केली. सुमारे २,७०० जणांपैकी जवळजवळ सगळे वाचले. ते स्वतः मात्र परतले नाहीत.

आयएसओलाही हेच हवंय: ठरावीक काळाने सराव करा, चुका शोधा, योजना सुधारा. आमचा सराव कसा? आठवडाभर आधी ईमेल, मग खाली उतरून फोटो आणि चहा! ऑडिटरला तेच फोटो दाखवले. त्यात खोटं काही नव्हतं, पण शिकलो काय?

माझं मत साधं आहे. सरावात काहीच बिघडलं नाही तर तो सराव नव्हे, स्नेहसंमेलन. एखाद्या मंगळवारी न सांगता सर्व्हर बंद करा, बघा कोण कुणाला फोन करतं ते. आणि यादीत आधी वॉचमनचं नाव घाला. मी साहेबांना तसं लिहून दिलंय. उत्तर अजून यायचंय.

असो. आईला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "आपल्या घराचे कागद कुठे आहेत, हे तरी तुला ठाऊक आहे का?"

नव्हतं! तुमच्याकडे काय परिस्थिती आहे?