‘सून’ या शब्दाची कुळकथा

इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास ‘सून’ हें क्रियाविशेषण ठाऊक असतें. ही आपल्या घरची सून नव्हे, हें सांगावयास नकोच! ‘लवकरच’ असा त्याचा अर्थ आपण पाठ करतों. परंतु त्याचें मूळ पाहूं गेल्यास निराळेंच कांहीं आढळतें.

सुमारें १००० वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत या शब्दाचें रूप ‘सोना’ असें होतें आणि अर्थ होता ‘तत्काळ’. मग तत्काळचें ‘लवकरच’ कसें झालें? आमच्या मतें याचें कारण मनुष्यस्वभावांत आहे. बोलणाऱ्यानें ‘आतां करतों’ म्हणावें आणि घटकाभरानें उठावें, असें पिढ्यान्‌पिढ्या घडलें. तेव्हां ऐकणाराही त्या शब्दावरून घटकाभराचाच अंदाज बांधूं लागला.

हें एकाच शब्दाचें झालें असतें तर योगायोग म्हटला असता. परंतु ‘अनॉन’ हा शब्दही मूळचा आपल्या ‘एकदम’सारखाच, त्याचाही अर्थ पुढें ‘थोड्या वेळानें’ असा झाला. ‘प्रेझेंटली’ची तीच गत. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत, मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत, योहानाचें शिर मागणारी मुलगी ‘बाय अँड बाय’ म्हणते. तेथें अर्थ ‘याच क्षणीं’ असा आहे. आजचा अर्थ घेऊन वाचणारा विद्यार्थी तेथें हटकून फसेल. ‘इमीजिएटली’ हा शब्द मात्र लॅटिन कुळांतला. ‘मध्यें कांहीं नसलेलें’ हा त्याचा मूळ भाव अद्याप टिकून आहे.

कोणी म्हणेल, भाषा बदलावयाचीच, त्यांत दोष कसला? शब्दाचा दोष नाहींच. जुना ग्रंथ वाचतांना शब्दाचें वय विचारावें, म्हणजे झालें. परंतु अर्थ कोशकार ठरवीत नाहींत, बोलणाऱ्यांचें वर्तन ठरवितें, हें विसरतां कामा नये. आईनें हाक मारतांच ‘आलोंच’ म्हणून पुन्हां चेंडूफळीकडे वळणारा मुलगा आणि ‘उद्यां नक्की आणतों’ म्हणून महिना घालविणारे वडील, दोघेही मराठीचे शब्द नकळत झिजवीत असतात. विद्यार्थी मित्रहो, इंग्रजांचा ‘सून’ आतां माघारीं आणतां येणार नाहीं. आपला ‘आतां’ मात्र अजून आपल्या हातीं आहे.