एकांतवासाची बेगमी

मृग नक्षत्र तोंडावर आले की खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात घरोघर एकच धांदल उडते. गुंजीपासून लोंढ्यापर्यंत आणि तिकडे कणकुंबीच्या डोंगरापर्यंत पाऊस कसा कोसळतो, हे येथील माणसास सांगावयास नको. पडवीत लाकडे रचली जातात, गोवऱ्या कोरड्या जागी हलविल्या जातात, तांदूळ, कुळीथ, आमसुले, सुकी मासळी, फणसाच्या आठळ्या यांची साठवण होते. भीमगड अभयारण्यातील आमगाव, कृष्णापूर यांसारख्या गावांस तर या बेगमीवाचून गत्यंतरच नाही. ओढे-नाले भरून वाहू लागले की त्यांची वाट बंद होते आणि कोणी आजारी पडल्यास त्यास खांद्यावरून वाहून रस्त्यापर्यंत आणावे लागते.

पोटाची बेगमी करण्यात आपली माणसे कुशल आहेत, याविषयी वाद नाही. परंतु त्याच पावसात, त्याच अंधाऱ्या घरात, एकट्याने दिवस काढणाऱ्या माणसाच्या मनास काय लागते याचा विचार आपण कितीसा करतो? आज त्याविषयी वाचकांशी चार शब्द बोलावे असे आम्ही योजिले आहे.

एकांतवास म्हणजे काय, हे २०२० साली सर्वांनाच कळून चुकले. त्या वर्षी २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी लागली. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण चर्चची दारे बंद असताना घरोघरीच पाळावा लागला. कर्नाटकातील प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली ती ८ जूनपासून. आपल्याकडील कित्येक घरांतील कर्ती मुले पोटापाण्यासाठी गोवा, पुणे, मुंबई येथे असतात. ती गावाकडे परतू लागली तेव्हा महाराष्ट्रातून येणाऱ्यांस काही दिवस वेगळे ठेवण्याचा नियम राज्य सरकारने केला होता. शाळांच्या वर्गखोल्यांत, वसतिगृहांत, तर कोठे शिवारातील खोपीत ही माणसे राहिली. ज्या गावासाठी जीव टांगणीस लावून ती आली, ते गाव त्यांना खिडकीतून पाहावे लागले.

ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्याशी बोलून पाहावे. डबा आला नाही, ही तक्रार आमच्या कानी फारशी आलेली नाही. घरची भाकरी आणि कालवण पोहोचतच होते. सल राहिली ती निराळीच. डबा ठेवणारा दुरून "ठेवलाय रे!" म्हणून ओरडे आणि उत्तराची वाट न पाहता पाठ फिरवी. त्याला भय वाटत असेल, आम्ही त्यास दोष देत नाही. परंतु सहा हातांवर उभे राहून, तोंडास फडके बांधून, म्हैस व्याली का, नाल्याला पाणी आले का, एवढे दोन शब्द बोलण्यास कोणत्याच नियमाची आडकाठी नव्हती. आणि मुदत संपवून घरी आलेल्या माणसाला पाहून काही ठिकाणी लोक वाट सोडून बाजूस होत, ही गोष्ट तर विसरू म्हणता विसरता येत नाही. आजार नव्हताच अशा माणसांच्या वाट्यालाही ती लाज आली.

आपल्या पूर्वजांनी याहून भयंकर काळ पाहिला होता. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि पुढे तो दक्षिणेकडे पसरत बेळगावच्या मुलखातही पोहोचला. घरे ओस टाकून माळावर झोपड्या बांधून राहावयाचे, हा त्या काळचा उपाय. तथापि त्या माळावर सगळी आळी शेजारी असे. एका चुलीचा विस्तव दुसरीला जाई. आताच्या एकांतवासात माणूस खरोखरीच एकटा असतो, आणि त्यासाठी साथ यावी लागते असेही नाही. मुलगा पुण्यास, लेक सासरी, नवरा देवाघरी, गुडघे धरलेले, बाहेर पाऊस आणि वीज गेलेली, अशी एक तरी आजी प्रत्येक वाडीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ साली जो अहवाल दिला, त्यात जगातील दर सहा माणसांमागे एकास एकाकीपणा ग्रासतो असे म्हटले आहे, आणि एकाकीपणाशी निगडित मृत्यूंचा अंदाज वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून अधिक दिला आहे. इंग्लंडात तर २०१८ साली या कामासाठी एका मंत्र्याकडे जबाबदारी सोपविण्यात आली. आपल्या वाडीस मंत्री मिळेपर्यंत थांबणे काही बरे नव्हे!

संत रॉक, ज्यांना आपल्याकडील जुनी माणसे सां रोक म्हणतात, त्यांची कथा वाचकांस ठाऊक असेल. प्लेगाच्या रोग्यांची सेवा करता करता त्यांना स्वतःला तो रोग जडला, तेव्हा ते रानात जाऊन एकटे राहिले. तेथे एक कुत्रा रोज तोंडात भाकरी धरून त्यांच्याकडे येई, असे परंपरा सांगते. या कथेतील 'रोज' हा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. एकट्या माणसाचा दिवस वाट पाहण्यावर चालतो. रविवारी आलेला मुलाचा अर्ध्या तासाचा फोन गोड खरा, पण त्यानंतरचे सहा दिवस कोरडे जातात. त्यापेक्षा रोज संध्याकाळी दिवेलागणीस दोनच मिनिटे बोलावे. वेळ मात्र चुकवू नये. आठ वाजताच्या फोनसाठी आजी साडेसात वाजता तोंड धुऊन, केस विंचरून बसते. ते विंचरणे हाच अर्धा उपचार होय. जेथे फोनची रेंज पोहोचत नाही तेथे शेजारच्या पोराने शाळेत जाताना दारातून हाक मारावी. दोन घरांनी एकाच वेळी जपमाळ सुरू करण्याचा ठराव केला तरी भिंतीपलीकडे कोणी आहे, एवढे मनास पुरते.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. आपण एकट्या माणसाकडे जातो ते नेहमी काहीतरी देण्यासाठी. पेज देतो, औषध देतो, उपदेश तर न मागता देतो. त्या माणसाकडून काही घ्यावे, हे आपल्या ध्यानी येत नाही. ज्या बाईने चाळीस वर्षे दहा माणसांचे रांधले, तिला आता केवळ ताट पुढे येण्याची वाट पाहावी लागते, हे तिचे खरे दुःख आहे. तिच्याकडे मागावयास जावे. लोणच्यास मीठ किती घालू, पोराच्या खोकल्याला काय द्यावे, अमक्या शेताची हद्द पूर्वी कोठवर होती, हे विचारावे. तांदूळ निवडावयास द्यावेत, सदऱ्याचा गुंडा लावून मागावा, पोरांची पावकी-निमकी तिच्याकडून घोकून घ्यावी. जिच्याकडे पेज घेऊन गेलो तिच्या हातची आमसुलाची वाटी परत घेऊन येणे, यात संकोच मानू नये. "कशाला त्रास घेता, आजी?" असे म्हणून ती वाटी नाकारणारा माणूस सभ्य असेल, पण त्याला तिचे मन कळले नाही असेच आम्ही म्हणू.

हेच सूत्र एकट्या पडलेल्या माणसाने स्वतःपुरतेही धरावे. व्हिएतनामचे कार्डिनल फ्रान्सिस झेवियर न्गुयेन व्हान थुआन यांना १५ ऑगस्ट १९७५ रोजी तेथील साम्यवादी राजवटीने अटक केली, तेव्हा ते सायगावचे सहायक महागुरुस्वामी होते. तेरा वर्षे ते बंदीत राहिले आणि त्यांतील नऊ वर्षे संपूर्ण एकांतात गेली. सुटकेची वाट पाहण्यात आयुष्य घालवावयाचे नाही, हाती असलेला क्षण प्रेमाने भरावयाचा, असा निश्चय त्यांनी आरंभीच केला. एका लहान मुलाकडून जुन्या दिनदर्शिकेची पाने मागवून त्यांच्या कोऱ्या पाठीवर ते आपल्या लोकांसाठी रोज चार ओळी लिहू लागले. ती पाने गुपचूप बाहेर जात, घरची माणसे त्यांच्या नकला करीत, आणि त्यातूनच पुढे त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ झाला. पोटाचे औषध म्हणून आलेल्या द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते मिस्सा अर्पीत. पहारेकऱ्यांना त्यांनी परकीय भाषा शिकविल्या. म्हणजे पाहा, बंदिवान ते होते आणि देत होतेही तेच. १९८८ साली ते सुटले, २००१ साली कार्डिनल झाले आणि पुढच्याच वर्षी देवाघरी गेले.

आपणांस काही तुरुंगात जावयाचे नाही. परंतु तापाने चार दिवस खोलीत पडून राहावे लागले, पाऊस आठवडाभर खळला नाही, तर त्यांचे पाहून थोडे करता येईल. सकाळी उठून अंथरूण घडी घालावी. कोणी पाहणारे नसले तरी कपडे बदलावेत. एकट्यापुरते काय रांधावयाचे म्हणून कालच्या भातावर दिवस ढकलू नये. आंबील केली तरी ती ताटाजवळ नीट बसून, प्रार्थना म्हणून घ्यावी. उघडीप मिळाली की पडवीत येऊन उजेडात बसावे. आणि दिवसातून एक तरी काम दुसऱ्या कोणासाठी करावे, मग ते नातवाला लिहावयाचे पत्र असो की शेजारणीच्या परसात लावण्यासाठी राखलेले भोपळ्याचे बी असो.

राहता राहिली एक व्यक्ती, जिला कोणी एकटी म्हणत नाही. अंथरुणास खिळलेल्या सासूचे सारे करणारी सून घरात माणसांच्या गराड्यात असते, म्हणून तिची गणना एकट्यांत होत नाही. पण ती मिस्सेला येऊन किती महिने झाले, हे एकदा आठवून पाहावे. माहेरच्या लग्नास ती गेली नाही, बाजारास गेली तर धावत परतली, रात्री तीनदा उठली. भेटीस येणारे सासूची विचारपूस करतात, "कशा आहात?" म्हणून खाटेकडे पाहतात, चहा घेतात आणि जातात, तो चहाही तिनेच केलेला असतो. तिला कौतुकाचे शब्द पुष्कळ मिळतात. तिला हवे आहेत आठवड्यातून दोन तास. शेजारच्या एखाद्या बाईने येऊन खाटेपाशी बसावे, कूस बदलणे आणि पाणी पाजणे तिच्याकडून समजून घ्यावे, आणि तिला बाहेर पाठवावे. त्या दोन तासांत तिने झोप घेतली, मैत्रिणीकडे बसली किंवा गुंजी स्टेशनावर जाऊन नुसती येणारी-जाणारी गाडी पाहिली, तरी हिशेब मागू नये. आणि ती निघाली म्हणजे तिच्या हाती आपल्या बाजाराची पिशवी देऊ नये.