स्वर्गारोहण म्हणजे निरोप नव्हे

येशू स्वर्गात गेला, म्हणजे तुकोबांसारखा सदेह वैकुंठाला गेला आणि कथा संपली, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. मला हे साफ अमान्य आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशू वर जातो आणि शिष्य रडत नाहीत, आनंदाने यरुशलेमला परततात. निरोपाचा आनंद कोणाला होतो? ख्रिस्ती श्रद्धा सांगते ती अशी : माणसाचा देह, जखमांच्या वणांसकट, देवाच्या उजवीकडे बसला, आणि येशूची साक्ष जगभर देण्याचं काम शिष्यांवर आलं. म्हणून तर प्रेषितांच्या कृत्यांत आभाळाकडे बघत राहिलेल्यांना टोकलं जातं. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण राचोलला १६१६ साली छापलं गेलं, तेही मराठी ओवीत. शेजाऱ्याची श्रद्धा आपल्याच भाषेत असताना ती न वाचता निकाल देणं, हा शुद्ध आळस आहे.